डावा वाढवा

माझा मेहुणा सुट्टीवर आला की आमच्या घरात बसत नसे. खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राही, चहा उभ्यानेच संपवी, बोलता बोलता दारापर्यंत जाऊन परत येई. माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, शेवटी कावायची. "अरे, टेक की जरा! फरशी झिजवलीस आमची."

"अक्का, जमीन हलत न्हाय गं," तो म्हणायचा. "हलत न्हाय म्हणून पायाला चैन पडत न्हाय."

तो समुद्रावर नोकरीला होता. नळाला पाणी कधी येणार याच्यावर ज्या गावाचा दिवस ठरतो, त्या सोलापुरातला मुलगा वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर काढतो, याचे आमच्या गल्लीला अप्रूप होते. जहाज परदेशी कंपनीचे. त्यात बसणारे लोक कुठे पोहोचायचे म्हणून बसत नाहीत. बंदरे बघत, खातपीत, नाचत फिरतात आणि निघाले तिथेच परत उतरतात. तिकीट काढून मूळ जागी परत येण्याचा हा व्यवहार माझ्या डोक्यात कधी शिरला नाही. पण त्या जहाजावर एक मोठे नाचघर होते, तिथे रोज संध्याकाळी बँड वाजे, आणि आमचा मेहुणा आधी दिव्यांच्या तारा ओढता ओढता पुढे तिथल्या माइक-लाऊडस्पीकरवर बसू लागला होता.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षे झाली असतील. त्या वर्षी तो आला तो ट्रंकेबरोबर एक जाड पुठ्ठ्याचे खोके घेऊन. स्टेशनवरून टांग्यात स्वतःच्या मांडीवर ते ठेवून आला. ट्रंक मात्र टांगेवाल्याच्या पायाशी. गल्लीत बातमी पसरली की याने पेटी आणली. समोरचे भजनी मंडळाचे म्हातारे दारात येऊन उभे. "पेटी आणलीस म्हणं. सूर तरी लाव, ऐकू दे."

"आजोबा, ही वाजायची पेटी न्हाय. दुसऱ्याला वाजवायची पेटी हाय."

म्हातारे बघून गेले. करड्या रंगाची, तिरक्या तोंडाची, लोखंडी पत्र्याची पेटी, आणि तिच्यावर ओळीने फिरवायच्या काळ्या गुंड्या. आमच्याकडे रेडिओच्या गुंडीला कान म्हणतात. या पेटीला खाली सहा मोठे कान होते आणि वर बारके कितीतरी. बायको म्हणाली, "एवढे कान पिळायला शाळामास्तरच ठेवायला लागंल."

मी आधी विचारले ते कस्टमच्या पावतीचे. त्याने पावती दाखवली, जहाजावरच्या मुख्य इलेक्ट्रिशियनची सहीही दाखवली, मग पेटी टेबलावर ठेवायला मी जागा करून दिली. जहाज दुरुस्तीला गोदीत लागले असताना कंपनीने नाचघरातली सगळी ध्वनियंत्रणा बदलली होती. नवी पेटी हिच्या तिप्पट लांबीची आली आणि ही भंगारात निघाली. याने ती मागून घेतली होती.

"त्यांचं जुनं म्हंजे आपलं नवं, दाजी," तो म्हणाला. मग दारापर्यंत गेला, परत आला आणि एकदम बोलून टाकले, "मी आता जहाज बंद करणार."

बायकोने हातातले सूप खाली ठेवले.

त्याचा बेत असा होता. सोलापुरात तेव्हा ऑर्केस्ट्राचे पेव फुटले होते. नाटकांइतकीच गर्दी सिनेमाच्या गाण्यांना व्हायची. पण आवाजाची तऱ्हा जुनीच. स्टेजवर दोन माइक, ते एकाच अॅम्प्लिफायरला, आणि तिथून भोंग्यांना. अॅम्प्लिफायर वाढवला की सगळेच वाढायचे. गाणाऱ्या बाईपेक्षा शेजारचा बोंगोवाला मोठा ऐकू यायचा. या पेटीत प्रत्येक माइकला आपला कान होता. बाईचा वाढवा, बोंगोचा उतरवा, आणि सगळ्यांची मिळून एक धार पुढे सोडा. मुंबईत हे आले होते, सोलापुरात नव्हते. एखाद्या नाट्यगृहाने कायमचे काम दिले, तर त्याला जहाजावर परत जावे लागणार नव्हते. सुट्टी संपायच्या आत हे ठरायला हवे होते. मुंबईच्या एजंटाची हजर होण्याची तार कधीही आली असती, आणि ती आल्यावर गेला नाही तर ती जागा दुसऱ्याची.

त्याची बायको हे ऐकत उभी होती. ती दोघे आमच्याच घरामागच्या खोलीत राहत. तो नसला की ती एकटीच. शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायची. ती करमाळ्याकडची, बोलायला कमी. तिची ट्रंकेशी एक रीत होती, ती मला माझ्या बायकोने सांगितली होती. नवरा आला की ती ट्रंकेतले कपडे काढून धुवायची, आणि वाळले की घड्या करून परत ट्रंकेतच ठेवायची. फळीवर कधी मांडले नाहीत. त्या दिवशी तिने माझ्या बायकोला हळूच विचारले, "वन्सं, ट्रंक रिकामी करू का तशीच असू दे?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जरा थांबा वहिनी. नाट्यगृहवाल्याशी बोलून येतो."

मी गिरणीत वीजखात्याला होतो. गिरणीचे स्नेहसंमेलन दरवर्षी ज्या नाट्यगृहात व्हायचे, तिथल्या व्यवस्थापकाशी माझी ओळख होती. जाडजूड गृहस्थ, तोंडात सतत पान. मी त्यांना सहा कानांचे सांगितले, प्रत्येक वाद्याला वेगळा माइक असतो ते सांगितले. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "आमच्या भोंग्याचा आवाज समोरच्या पानपट्टीपर्यंत जातो. तुमचा जाईल का?"

"आतल्या लोकांना नीट ऐकू येईल."

"आतले तिकीट काढूनच आलेत हो! ते कुठं जातायत? बाहेरच्याला ऐकू गेलं की तो आत येतो." मग थोडे मऊ झाले. "येत्या रविवारी ऑर्केस्ट्रा आहे. एक कार्यक्रम लावू द्या त्यांना. जमलं तर हंगामभर देतो. पण साहेब, तुमच्या शब्दावर. मध्येच बंद पडलं तर माझ्या खुर्च्या मोडतील लोक."

मी शब्द दिला. देऊन घरी येईपर्यंत मलाच अस्वस्थ वाटू लागले, कारण तोवर ती पेटी एकदाही चालू झालेली नव्हती.

अडचण विजेची होती. जहाजावर एकशे दहा व्होल्ट, आपल्याकडे दोनशे तीस. तशीच लावली असती तर तिथल्या तिथे जळाली असती. नवी पेठेच्या मागे एक वाइंडिंगवाला होता, मोटारी भरून देणारा. त्याला ट्रान्सफॉर्मर करायला सांगितला तर तो हसला. "एकशे धाला? अमेरिकेत घर घेतलं का काय, साहेब?"

पण नुसते दोनशे तीसचे एकशे दहा करून भागणार नव्हते. आमच्या भागात संध्याकाळी यंत्रमाग जोरात असायचे, आणि माग चालू असले की व्होल्टेज पडायचे. गिरणीतला जुना व्होल्टमीटर बाहेर नेण्याची मी रीतसर परवानगी काढली आणि रोज संध्याकाळी नाट्यगृहात जाऊन काटा बघू लागलो. कधी दोनशे दहा, कधी एकशे नव्वद. एखाद्या दिवशी एकशे ऐंशीपर्यंत उतरायचे आणि एकदम वर उसळायचे. म्हणून ट्रान्सफॉर्मरला तीन टप्प्यांचा खटका करून घेतला. व्होल्टेज पडले की खटका फिरवायचा, चढले की उलटा. म्हणजे कार्यक्रमभर कुणीतरी काट्यावर नजर ठेवून बसायला हवे. ते मी बसणार होतो. बायको म्हणाली, "रविवारी सगळं गाव गाणी ऐकणार, आणि तुम्ही काटा."

मेहुण्याचा पाय त्या आठवड्यात घरात ठरला नाही. सुताराकडून लाऊडस्पीकरची दोन लाकडी खोकी करून घेतली. जेवताना मध्येच उठून पेटीपाशी जायचा, एखादा कान थोडा फिरवून परत यायचा. त्याची बायको ताट झाकून ठेवायची. एकदा ती म्हणाली, "फिरवून काय हुतंय? तार तर लावलीच न्हाय तिला."

"हाताला सवय ऱ्हावी म्हणून."

"हाताची सवय ऱ्हाती. माणसाची जाती," ती म्हणाली, आणि यंत्राकडे वळली. त्या दिवशी जेवण मात्र त्याने बसून पुरे केले.

तालीम शनिवारी दुपारी झाली. पेटी कुठे ठेवायची यावरूनच व्यवस्थापकांशी वाजले. इथे माइकवाला स्टेजच्या बाजूला पडद्याआड बसायचा. मेहुणा म्हणाला, मी लोकांत बसणार. लोकांना ऐकू येते तेच मला ऐकू यायला हवे. व्यवस्थापक म्हणाले, लोक पैसे देऊन तुमची पाठ बघायला येत नाहीत. अखेर शेवटच्या रांगेमागे, भिंतीशी, जागा मिळाली. तिथे टेबल, त्यावर पेटी, शेजारच्या स्टुलावर ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टमीटर.

पेटीच्या प्रत्येक कानाखाली त्याने चिकटपट्टी लावली आणि पेनाने नावे लिहिली: डावा पुढचा, डावा मागचा, मधला, मधला खालचा, उजवा पुढचा, उजवा मागचा. मी वाचले आणि विचारले, "हा डावा कुणाचा? बघणाऱ्याचा का वाजवणाऱ्याचा?"

"दोघांचाबी न्हाय. जहाजाचा."

"म्हणजे?"

"जहाजावर डावी बाजू जहाजाची असती, दाजी, माणसाची न्हाय. तुमी कुठंबी तोंड करून उभं ऱ्हावा. जहाजाच्या नाकाकडं बघितल्यावर डावीकडं जे येतं ते डावं. न्हायतर वादळात एक म्हणंल डावीकडं वळव, दुसरा विचारंल कुणाच्या?"

"पण इथे जहाज कुठे आहे?"

"हे थेटरच जहाज. नाक स्टेजकडं. मागं बसलोय आपण." तो हसला. मला ते पटले. नियम एकच असला की चूक होत नाही, हा माझाही अनुभव आहे. गाणारी बाई डावा पुढचा, गवई उजवा पुढचा, अॅकॉर्डियन डावा मागचा, बोंगो उजवा मागचा. तबलजी मध्ये, त्याला मात्र याने दोन माइक दिले, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. असे सोलापुरात कुणी केले नव्हते, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

तबलजीच तेवढा तालमीला नव्हता. तो विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. त्याच्या मागावर चादरीचा माल अर्धा होता आणि सोडून येता येत नव्हते. त्याच्या जागी मेहुण्याने स्वतःच डग्ग्यावर थापा मारून माइक जुळवले. सगळे नीट जमले.

रविवारी नाट्यगृह भरले. माझी बायको आणि मेहुण्याची बायको शेवटच्या रांगेत, आमच्या पुढ्यातच बसल्या होत्या. माझी बायको स्टेजकडे बघत होती. त्याची बायको मान मागे वळवून त्याच्या हातांकडे बघत होती. सकाळीच एजंटाची तार आली होती. ती त्याने मला दाखवली होती आणि खिशात ठेवली होती. स्वतःच्या बायकोला सांगितले होते की नाही, मी विचारले नाही. एवढेच दिसत होते की तिला माहीत आहे.

पहिले गाणे छान गेले. बाईचा आवाज असा आला की जणू ती प्रत्येकाच्या समोर दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. काटा दोनशे पाचवर होता. मी खटका मधल्या टप्प्यावर ठेवला आणि जरा सैल बसलो.

दुसरे गाणे ठेक्याचे होते. तबलजी रंगात आला, पण त्याला आपला डग्गा पुरेसा ऐकू येईना. वाजवता वाजवताच तो शेजारच्या माइकमध्ये म्हणाला, "अण्णा, डावा वाढवा!"

मेहुण्याने क्षणाचाही विचार न करता डाव्या पुढच्या माइकचा कान फिरवला. तो बाईचा. बाई लाकडी खोक्याच्या जवळच उभी होती. लाऊडस्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की पुढच्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात ठेवले. बाई गाता गाता थांबली. मेहुण्याने कान झटकन उतरवला.

"काय झालं?" मी विचारले.

"त्यो डावा म्हणाला."

गाणे पुन्हा धरले. तबलजीने मान हलवली. नाही, हे नव्हे. पुन्हा माइकमध्ये, "अण्णा, डावा! डावा वाढवा की!"

मेहुणा पेटीवर वाकला. तो पुटपुटला, "स्टेजवरचा डावा म्हणत असंल. त्यांचा डावा म्हंजे आपला उजवा." आणि त्याने उजवा मागचा वाढवला. तो बोंगोचा. बोंगो असा धडाडला की छताचे पत्रे थरथरले. पिटातल्या स्वस्त जागांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडले, "ए माइकवाले, डावा-उजवा कळंना का तुला? शाळंत जा!" दुसरा म्हणाला, "बुटं तरी बरोबर घातलीत का बघा!" हशा पिकला. व्यवस्थापक दारातून आमच्याकडे निघाले. चालताना त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होते की ते काय म्हणणार.

मेहुण्याचे दोन्ही हात पेटीवरून उचलले गेले होते. एवढ्या वर्षांत त्याचे हात असे अधांतरी मी पाहिले नव्हते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "जहाजावर असं होत न्हाय, दाजी." आणि मला दिसले की त्याची बायको ते ऐकत होती.

तेवढ्यात तबलजी उठला. मांडी मोडून उभा राहिला, डग्गा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर धरला आणि लोकांना नव्हे, थेट शेवटच्या भिंतीकडे बघून ओरडला, "अण्णा! ह्यो! ह्यो डावा! डाव्या हाताचा!"

सगळे नाट्यगृह हसत सुटले. बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तबलजींच्या भाषेत उजव्या हाताने वाजतो तो तबला उजवा, डाव्या हाताने वाजतो तो डग्गा डावा. हे मलाही ठाऊक होते, आमच्या समोरच भजनी मंडळ होते. पण जहाजाचा डावा, बघणाऱ्याचा डावा, वाजवणाऱ्याचा डावा या हिशेबात मी असा गुंतलो होतो की चौथा डावा असतो हे आठवलेच नाही.

मेहुण्याने मधल्या खालच्या माइकचा कान फिरवला. डग्गा आला. घुमला, पण जागच्या जागी. तबलजीने बसून एक छोटा तुकडा वाजवला आणि मान डोलावली. व्यवस्थापक अर्ध्या वाटेत थांबले.

पुढचा सगळा कार्यक्रम उत्तम झाला. लोक खुशीत होते. दोन गाण्यांच्या मध्ये पिटातून कुणीतरी "डावा वाढवा!" म्हणायचे आणि तबलजी डग्ग्यावर एकच थाप देऊन उत्तर द्यायचा. काटा एकदा एकशे नव्वदला आला, मी खटका फिरवला. नंतर चढला, परत फिरवला. पेटी थांबली नाही.

शेवटी व्यवस्थापक आले. पान थुंकून आले होते, म्हणजे बोलायचे होते. "साहेब, खरं सांगू? लाऊडस्पीकर लावलाय हे कळतच नव्हतं. बाई नुसती गातेय असं वाटत होतं."

"तेच तर काम हाय," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात धार आली होती. "न कळणं."

"कळत नसेल तर पैसे कशाचे घेणार? आणि मी बाहेर जाऊन आलो. पानपट्टीवर काही म्हणजे काही ऐकू येत नाही. लोक विचारायला लागले, आज सुट्टी आहे का?"

मेहुण्याने तारा गुंडाळायला सुरुवात केली. भराभर. हे गुंडाळणे आणि उद्याची ट्रंक भरणे यात फार अंतर नाही, असे मला वाटले. बायका दोघी उठून उभ्या होत्या. मी पेटीकडे बघत होतो. मागच्या बाजूला, जिथून आवाज बाहेर पडतो, तिथे एकाऐवजी दोन भोके होती. एकात तार होती, दुसरे रिकामे.

"हे दुसरे कशाला?" मी विचारले.

"डेकसाठी. नाचघरातलं गाणं बाहेर डेकवर लावायला. वेगळा कान हाय त्याला." त्याने मान वर न करता सांगितले. मग मान वर केली.

मी व्यवस्थापकांना म्हणालो, "तुमचा जुना भोंगा बाहेरच राहू द्या. याची दुसरी तार त्याला. आत असे, बाहेर तुम्हाला हवे तसे."

"बाहेर मोठा होईल?"

"बाहेर तुमी म्हणाल तेवढा," मेहुणा म्हणाला. "पानपट्टीच्या पुढं गेला तर मला सांगा."

व्यवस्थापक हसले. हसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हंगामभर बघू. पण त्या तबलजीला सांगा, रोज डग्गा उचलायचा. लोकांना तेच आवडलं."

घरी सगळ्यांना वाटले, आता झाले. पण मेहुण्याच्या पायांची वळवळ थांबली नाही. काम मिळाले होते, आणि तो आधीपेक्षा जास्त फिरत होता. तार खिशातून काढायचा, वाचायचा, परत ठेवायचा. एजंटाला नकार कळवलेला नव्हता. मी विचारले तर म्हणाला, "कळवतो." बायको मला म्हणाली, "अहो, एकदा त्याला बसवून विचारा." पण बसवायचे कसे, हाच तर प्रश्न होता. मला वाटते, ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षे झुरला ती मिळाल्यावर त्याला तिची भीती वाटत होती. जहाजावर पगार ठरलेला, दिशा ठरलेल्या, काय बिघडले तर वर सांगायला माणूस होता. इथे पानपट्टीपर्यंतचा आवाज आणि चार प्रकारचे डावे.

मुंबईला हजर व्हायचे असेल तर ज्या दिवशी निघायला हवे होते, त्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, नवे कपडे घालून आमच्या दारात उभा राहिला. "स्टेशनवर जाऊन येतो," म्हणाला. कशाला ते सांगितले नाही. हातात काही नव्हते. त्याची बायको यंत्रावर बसली होती. तिने मान वर केली नाही, पण यंत्राचे चाक थांबले.

तो तासाभराने परत आला. गाडी गेली होती हे आम्हाला इंजिनाच्या शिट्टीवरून कळले होते. आल्या आल्या तो सरळ मागच्या खोलीत गेला. आमच्या दोन खोल्यांमध्ये एकच भिंत, त्यामुळे ऐकू येत होते.

"माझी ट्रंक कुठाय?"

"ट्रंकेत चादरी भरल्यात. थंडीच्या."

"आन् माझे कपडे?"

"फळीवर. डाव्या हाताला."

फळीवर काहीतरी सरकवल्याचे ऐकू आले. मग त्याचा आवाज आला, "कुणाच्या डाव्या?"

"माझ्या," ती म्हणाली.

तो मोठ्याने हसला. मग खाटेची दोरी करकरली. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितले आणि बोट ओठांवर ठेवले. बराच वेळ झाला तरी खाट पुन्हा करकरली नाही, म्हणजे तो बसला होता. मग यंत्राचे चाक परत सुरू झाले.